देवाघरची चांदी : जतनाचा एक ऐतिहासिक मागोवा

पर्युषण पर्व जवळ आले की घोड नदीच्या खोऱ्यातील देरासरांमध्ये भांडाराची कपाटे उघडतात. चौदा स्वप्ने, पाळणा, कलश, आरती, मंगलदिवा, केशराच्या वाट्या, धूपदाणी, छत्र आणि आंगी अशी एकेक वस्तू बाहेर येते. आहुप्यापासून भीमाशंकरापर्यंतच्या डोंगरावर कोसळलेल्या पावसाचा ओलावा चार महिने घोडेगावच्या हवेत भरून राहिलेला असतो. त्या दमट हवेत बंद राहिलेली चांदी कोठे पिवळसर, कोठे तपकिरी, तर कोठे अगदी काजळासारखी काळी झालेली दिसते. मग रांगोळी, राख, खडू, दंतमंजन असे जे हाती येईल ते घेऊन श्रावक-श्राविका सेवाभावाने ती घासू लागतात. तासाभरात चांदी लखलखते आणि सर्वांना समाधान वाटते.

या सेवेमागील भक्तीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि अशा घासण्यात देवाघरचे द्रव्य दरवर्षी थोडे थोडे झिजत असते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. काळी पडलेल्या चांदीचे वजन घटलेले नसते. ते घटते तो काळिमा खरवडून काढताना. हे एवढे एक सत्य नीट उमजले तर पुढील पन्नास वर्षांत पुष्कळ काही वाचू शकेल. त्यासाठी आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात थोडे मागे जाणे उपयुक्त ठरेल.

जुन्नरच्या डोंगरांतील साक्ष

जुन्नर ही दोन हजार वर्षांपूर्वीची मोठी पेठ होती, हे सर्वश्रुत आहे. कल्याणच्या बंदरातून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणेचे आकडे हजारो कार्षापणांत मोजले आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह ज्याने दान दिले, तो सुलसदत्त कल्याणच्या ‘हेरणिका’चा, म्हणजे सुवर्णकाराचा वा कोषाध्यक्षाचा पुत्र होता. जुन्नरच्या लेखांत कासारांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणींचीही नावे आढळतात. मानमोडी डोंगरात क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे. याच डोंगरातील अंबा-अंबिका लेण्यांत पुढील काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या. म्हणजे धातू, व्यापार आणि धर्मदाय या तिन्ही गोष्टी या परिसरात फार पूर्वीपासून एकत्र नांदत आल्या आहेत.

नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरविलेला एक लेख विश्वस्तांनी आवर्जून समजून घ्यावा असा आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांचा कायम निधी ठेवला. पैकी २,००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवण्यात आले. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळावेत अशी व्यवस्था होती. हिशेब बरोबर जुळतो. मुद्दल परत द्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे स्पष्ट बंधन त्यात आहे. हा सर्व व्यवहार नगरसभेत वाचून दाखविला गेला आणि रीतसर नोंदविला गेला, असेही लेख सांगतो.

धर्मदायाच्या चांदीविषयीचे दोन मूलभूत नियम येथे दगडावर कोरलेले आढळतात. एक, मुद्दलाला धक्का लागता कामा नये. दोन, त्याची नोंद चारचौघांसमक्ष झाली पाहिजे. देरासरातील कलश, छत्र व आंगी यांच्या बाबतीत धातू हेच मुद्दल होय.

जमिनीत राहिलेली चांदी

नहपानाच्याच चांदीच्या नाण्यांची एक कथा याहूनही बोलकी आहे. १९०६ साली नाशिकजवळील जोगळटेंभी येथे जमिनीत १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र सापडली. ती नहपानाची होती आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे उमटविलेले होते. जिंकलेली नाणी वितळविण्याऐवजी त्यांच्यावरच नवी मुद्रा मारण्यात आली. त्यामुळे एकाच नाण्यावर पराभूत आणि विजेता अशा दोन्ही राजांच्या खुणा राहिल्या आणि इतिहासकारांना दोघांचा काळ जुळविणे शक्य झाले.

ही नाणी सुमारे २ ग्रॅम वजनाची, लहानशी. अठराशे वर्षे मातीत राहूनही नहपानाचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे अनेक नाण्यांवर ओळखता येतात. मातीतील क्षारांमुळे व गंधकामुळे चांदीवर पुटे चढतात, परंतु ती योग्य रीतीने काढली तर खालचा ठसा पुष्कळदा शाबूत मिळतो. याउलट पन्नास-साठ वर्षे रोज घासल्या जाणाऱ्या तबकावरील दात्याचे नाव मात्र बोटाने चाचपूनही लागत नाही, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. माती सोसून राहिलेले अक्षर रांगोळीच्या मुठीपुढे टिकत नाही, हा विचार करण्यासारखा विषय आहे.

रुपया आणि तोळा

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी चांदीचे माप म्हणजेच रुपया होता. १८३५ पासून कंपनी सरकारने आणि पुढे राणीच्या सरकारने पाडलेला रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. तोळ्याचे वजनही तेवढेच असल्याने ८० कलदार रुपये तराजूत टाकले की बंगाली शेर होई. पूजेची भांडी घडविताना सोनाराकडे असे राणीछाप रुपये मोजून देण्याची पद्धत घरोघरी होती.

१९४० साली युद्धकाळात सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त मिसळले. १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला आणि चलनातील रुपयाची चांदी संपली. १९४० नंतरचे रुपये आटवून भांडे केले असेल, तर ते जुन्या रुपयांच्या भांड्यापेक्षा लवकर लालसर-काळे पडते, कारण त्यातील तांबे हवेशी अधिक वेगाने संयोग पावते. एकाच पेटीतील दोन वाट्या वेगवेगळ्या रंगाने का काळवंडतात, याचे उत्तर कित्येकदा या चलनाच्या इतिहासात असते.

तोळ्याविषयी आणखी एक बाब नमूद करणे अगत्याचे आहे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि साठच्या दशकाच्या आरंभी ती व्यवहारात अनिवार्य झाली. पुढे बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात पडला. त्यामुळे एखाद्या जुन्या वहीत ‘कलश, वजन १०० तोळे’ अशी नोंद असेल, तर त्याचे मूळ वजन १,१६६ ग्रॅम भरले पाहिजे. नव्या तोळ्याने हिशेब करणारा १,००० ग्रॅम भरताच समाधान मानील आणि १६६ ग्रॅमची तूट कोणाच्याच लक्षात येणार नाही. उलट नवी नोंद जुन्या तोळ्याने वाचली, तर एखाद्या प्रामाणिक पुजाऱ्यावर किंवा मुनिमावर अकारण संशय यावयाचा. दोन्ही गोष्टी सारख्याच दुःखद होत.

काळिमा म्हणजे काय

चांदीला लोखंडासारखा गंज चढत नाही. हवेत अल्प प्रमाणात असणारे गंधकाचे वायू चांदीशी संयोग पावतात आणि तिच्या पृष्ठभागावर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. हाच तो काळिमा. आरंभी तो पिवळसर दिसतो, जाड होत गेला की तपकिरी, निळसर व शेवटी काळा होतो. हवेत दमटपणा असला की ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच आपल्याकडे पावसाळ्यानंतर चांदी ओळखू येईनाशी होते.

गंधक येते कोठून, हे पाहू गेल्यास आपला परिसरच उत्तर देतो. आंबेगाव-जुन्नर हा कांद्याचा मुलूख आहे आणि चाळीत सडणाऱ्या कांद्यातून गंधकयुक्त वायू बाहेर पडतात. द्राक्षबागांवर गंधकाची भुकटी मारली जाते. शेणखत, गोबरगॅस व गटारे यांतूनही तोच वायू निघतो. स्वयंपाकाच्या गॅसला गळती समजावी म्हणून जो वास दिलेला असतो, तोही गंधकाच्याच संयुगाचा. दिवाळीच्या फटाक्यांच्या दारूत तर गंधक असतेच. लक्ष्मीपूजनाला मांडलेली चांदी दुसऱ्या दिवशी निस्तेज दिसण्याचे हे एक कारण होय.

या काळ्या थराच्या वजनातील १०० भागांपैकी सुमारे ८७ भाग चांदीच असते. अर्थात तो घासून काढला की फडक्यावर जे काळे उतरते, ते बव्हंशी देवाचेच द्रव्य असते. त्यातही राख वा रांगोळी यांचे खरखरीत कण थर काढून थांबत नाहीत, खालची शुद्ध चांदीही ओरबाडतात. त्या ओरखड्यांत ओलावा आणि धूळ साचते आणि पुढील काळिमा अधिक लवकर चढतो. म्हणजे जितके घासावे तितके पुन्हा लवकर घासावे लागते.

चांदीचा दुसरा शत्रू मीठ होय. मीठ, घाम आणि पाण्यातील क्लोरीन यांच्यामुळे राखाडी, चिवट पुटे धरतात व बारीक खड्डे पडतात. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. असे पाणी कलशात रात्रभर ठेवणे इष्ट नाही. प्रक्षालातील दूधही चांदीवर सुकू देऊ नये, कारण दुधाच्या प्रथिनांतही गंधक असते. प्रक्षाल आटोपताच भांडी गाळलेल्या स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी केली, तर अर्धे काम तेथेच होते.

जुने उपाय, नवे उपाय

आपल्या वाडवडिलांचे सर्वच उपाय चुकीचे होते असे मुळीच नाही. सोनार मंडळी चांदी रिठ्याच्या पाण्यात धूत आली आहेत. हा उपाय आजही उत्तम आहे, कारण रिठा मळ व तूप काढतो पण धातूला ओरखडा पाडत नाही. वस्त्रगाळ केलेला मऊ खडू पाण्यात कालवून हलक्या हाताने लावणे हेही क्वचित प्रसंगी चालण्यासारखे आहे. चिंच आणि लिंबू मात्र तांब्या-पितळेचे मित्र. चांदीवरचा गंधकाचा काळिमा त्यांना दाद देत नाही. राख, रांगोळी, तारेचा घासणीचा गोळा आणि दंतमंजन यांना देवाच्या चांदीजवळ फिरकू देऊ नये.

साध्या, भरीव वस्तूंसाठी एक सोपी रीत आता सर्वत्र माहीत झाली आहे. पसरट भांड्यात अल्युमिनियमची फॉइल अंथरावी, वस्तू तिला टेकलेली ठेवावी, गरम पाणी व खाण्याचा सोडा घालावा. काळिम्यातील गंधक निघून जाते आणि त्यात अडकलेली चांदी पुन्हा चांदीच होऊन बव्हंशी वस्तूवरच राहते. घासण्याच्या तुलनेत यात द्रव्याची हानी फारच थोडी होते. किंचित उग्र वास येतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत करावे.

परंतु ही रीत सर्व वस्तूंना लागू नाही. मुकुट, छत्राचे गेंद, दांडे अशा पोकळ वस्तूंत पुष्कळदा लाख भरलेली असते. गरम पाण्याने ती वितळते. रत्ने वा मीनाकाम जडविलेल्या आंगीला, तसेच सोन्याचा मुलामा दिलेल्या वस्तूला हा प्रयोग करू नये. नक्षीच्या खोलगट भागात कारागिराने मुद्दाम ठेवलेली काळी छटा असेल, तर तीही या पाण्यात निघून जाते व नक्षी सपाट भासू लागते. रथ, पालखी, सिंहासन व दरवाजे यांवरील चांदीचा पत्रा लाकडावर खिळ्यांनी बसविलेला असतो. तेथे पाणी शिरले की लाकूड फुगते, खिळे गंजतात आणि पत्रा फाटतो. अशा वस्तू कोरड्या मऊ कापडाने केवळ पुसाव्यात. त्यांचे मोठे काम निघाल्यास जाणकारांचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनशास्त्राचे स्वतंत्र केंद्र आहे.

दारोदार फिरून ‘दागिने, भांडी चकाकवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे. त्यांच्या बाटलीतील तेजाबात चांदी विरघळते, वस्तू चमकते आणि वजन त्यांच्या भांड्यात उतरते. पोलिसांनी अशा प्रकारांबद्दल वेळोवेळी लोकांना सावध केले आहे.

कोणते कापड वापरावे

चांदीच्या जतनात कापडाला मोठे महत्त्व आहे. जिनबिंबाचा प्रक्षाल झाल्यावर तीन अंगलूछण्यांनी मूर्ती कोरडी करण्याची आपली परंपरा आहे. ओलावा राहू नये, यामागील ही काळजी चांदीच्या वस्तूंबाबतही तशीच घ्यावयास हवी. त्यासाठी मऊ, पांढरे, अनेकदा धुतलेले मलमल सर्वांत योग्य. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, म्हणून तो आधी दोन-तीन वेळा धुऊन घ्यावा. लोकरीत मुळातच गंधक असते. तेव्हा लोकरीची शाल, नमदा किंवा बनात यांत चांदी गुंडाळणे म्हणजे काळिम्याला आमंत्रण देणेच होय. लाल-जांभळ्या मखमलीच्या पेट्या दिसावयास सुंदर असतात, पण त्यांचा रंग व डिंक चांदीला बाधू शकतो. आत स्वच्छ सुती अस्तर घालावे.

पाश्चात्त्य पुस्तकांत चांदी पुसण्यास हरणाच्या किंवा मेंढीच्या मऊ चामड्याची शिफारस आढळते. अहिंसेच्या उपासकांना ते अर्थातच वर्ज्य आहे आणि मलमलीने तेच काम होत असल्याने त्याची गरजही नाही. अमेरिकेतील पॅसिफिक मिल्सच्या नावाने ओळखले जाणारे एक सुती कापड आहे. त्याच्या धाग्यांत चांदीचे सूक्ष्म कण असतात आणि हवेतील गंधक वस्तूपर्यंत पोहोचण्यापूर्वी ते कणच ते शोषून घेतात. असे कापड न मिळाल्यासही काही अडत नाही. प्रत्येक वस्तू मलमलीत गुंडाळून स्वच्छ पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बंद करावी, सोबत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्याच्या तोंडी ती बदलावी. वर्तमानपत्राचा कागद आणि रबर बँड कधीही वापरू नयेत. रबरातील गंधकाने चांदीवर उमटलेली काळी रेघ सहजासहजी जात नाही.

नोंदवही : खरे कुलूप

काळिम्यापेक्षाही मोठे संकट मुशीचे असते. १९८० च्या जानेवारीत जागतिक बाजारात चांदी औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत चढली, तेव्हा जगभर जुन्या घडणीची असंख्य भांडी वितळविली गेली. भाव वाढला की ‘जुने मोडून नवे करू’ हा विचार आपल्याकडेही डोके वर काढतो. नवी आंगी अवश्य व्हावी. परंतु जुनी वस्तू मुशीत जाताच तिच्यावरील नाव, तिथी, संवत आणि कारागिराचा हात कायमचा नाहीसा होतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, याचेही भान ठेवावयास हवे.

देवद्रव्याचे रक्षण व वृद्धी हे श्रावकाचे कर्तव्य होय. आचार्य रत्नशेखरसूरींनी पंधराव्या शतकात रचलेल्या ‘श्राद्धविधि’ ग्रंथात देवद्रव्याचा विस्ताराने विचार केला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानेही स्थावराबरोबर जंगम मिळकतीची नोंद ठेवण्याची जबाबदारी विश्वस्तांवर टाकली आहे. धर्म आणि कायदा येथे एकच गोष्ट सांगतात.

ही नोंद अशी असावी की पन्नास वर्षांनी ती वाचणाऱ्यास कोणाला विचारावे लागू नये. वस्तूचे नाव, ग्रॅममधील वजन, जुनी नोंद तोळ्यात असल्यास तो कोणता तोळा, चांदीचा कस, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि दात्याचे नाव त्यात यावे. भेट स्वीकारताना कस तपासून घ्यावा, कारण ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धातूत चांदीचा अंशही नसतो. तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे. भारतात चांदीवर हॉलमार्क २००५ पासून मिळतो आणि १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक वस्तूला स्वतंत्र ओळख क्रमांक देण्याची ऐच्छिक सोयही झाली आहे. वर्षातून एकदा दोन विश्वस्तांनी समक्ष वजन करून वहीत सही करावी. वजन हळूहळू घटत असेल, तर दोष बहुधा माणसाचा नसून घासणीचा आहे, हेही त्या वहीतूनच कळेल.

डिंभे धरणाच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेले. ज्याच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो, ते गाव आज जागेवर नाही. त्याचे नाव मात्र घोडेगावच्या कचेरीतील प्रत्येक दप्तरात टिकून आहे. नोंदीचे सामर्थ्य याहून वेगळे काय सांगावे? देरासरातील एखाद्या छोट्या वाटीवर कोणा माउलीने आपल्या सासूच्या स्मरणार्थ दोन ओळी कोरवून घेतलेल्या असतात. तिचे दान चांदीच्या भावाने मोजता येणारे नाही. या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्या ओळी वाचून वहीत उतरवून घ्याव्यात, वाटी रिठ्याच्या पाण्याने धुऊन मलमलीने टिपावी आणि घासणीचा मोह आवरावा. थोडा काळिमा राहिला तरी चालेल. अक्षर राहिले पाहिजे.